विलायतेतली रांग आणि आपल्या वस्तीतला नळ



येरवडा, बोपोडी, दापोडी, ताडीवाला रोड, मंगळवार पेठ या आपल्या वस्त्यांतून एखादा मुलगा किंवा मुलगी शिकायला विलायतेला निघाली, ही गोष्ट आता पूर्वीइतकी नवलाची राहिलेली नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली. तिच्यातून दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत जाऊ शकतात. त्यांतले बरेच जण इंग्लंड-स्कॉटलंडची वाट धरतात. बाप रिक्षा चालवतो, आई चार घरची धुणीभांडी करते आणि पोरगी तिकडे एम.एस्सी. करते, अशी घरे आज आपल्यात आहेत. ही अभिमानाची बाब आहे.

पण मुलाचे तिकीट हातात आले की आईच्या पोटात गोळा येतो. तिथले लोक कसे राहतात, काय खातात, कसे बोलतात, माझ्या लेकराला सांभाळून घेतील का, असे शंभर प्रश्न तिला पडतात. शेजारीपाजारी मग ऐकीव गोष्टी सांगतात. कुणी म्हणते तिथे स्वर्ग आहे, कुणी म्हणते तिथे नुसती दारू आणि फारकती. दोन्ही खरे नाही. म्हणून या आठवड्यात विलायतेतल्या साध्या, रोजच्या सवयींकडे पाहू. त्यांतले आपण काय घ्यावे आणि काय वेशीबाहेर ठेवावे, याचाही विचार करू.

साहेब इथला आणि साहेब तिथला

पुणेकरांना इंग्रज नवा नाही. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुणे आणि खडकी इथे गोऱ्यांच्या छावण्या बसल्या. १८६९ साली खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. आपल्या पणजोबा-आजोबांपैकी कितीतरी जण पलटणीत होते, कुणी कारखान्यात लागले, कुणी साहेबाच्या बंगल्यावर राबले. ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र १९०८ साली काढणारे आणि महारांना सैन्यात व पोलिसांत पुन्हा जागा मिळावी म्हणून १९१० साली विलायतेच्या सरकारकडे अर्ज धाडणारे शिवराम जानबा कांबळे हे पुण्यात बटलरची नोकरी करीत. त्या नोकरीतून त्यांनी इंग्रजी उचलली आणि ती समाजाच्या कामी लावली.

म्हणजे आपल्या लोकांनी साहेब पाहिला तो स्वयंपाकघराच्या दारातून. तो साहेब इथे खानसामा, बेअरर, भिश्ती, धोबी, आया आणि मेहतर असा सगळा ताफा बाळगून होता. बूटसुद्धा दुसऱ्याने काढायचे. पण हाच साहेब आज त्याच्या मुलुखात पाहाल तर ओळखू येणार नाही. तो स्वतः भांडी घासतो, स्वतः संडास धुतो, कचऱ्याचा डबा ठरल्या दिवशी स्वतः ओढत रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतो. बँकेतला अधिकारी असो की कॉलेजातला प्राध्यापक, सामान्यतः घरात नोकर नसतो.

यावरून तिथली माणसे जन्मतः मोठ्या मनाची आहेत असा अर्थ कुणी काढू नये. शंभर वर्षांपूर्वी तिथेही मध्यमवर्गीय घरांत मोलकरणी होत्या. त्या काळी गरीब घरच्या मुलींना सर्वांत जास्त काम मिळे ते घरकामाचेच. पुढे दोन महायुद्धे झाली. बाया कारखान्यांत, कचेऱ्यांत गेल्या. तिथे पगार जास्त आणि मान जास्त. मग कमी पैशात राबायला माणूस मिळेना, आणि साहेब-मडमेला पदर खोचावा लागला. गरिबाच्या श्रमाला किंमत आली तेव्हाच श्रीमंताला स्वतःचे ताट उचलायची सवय लागली.

हे आपल्या माता-भगिनींनी मनावर कोरून ठेवण्यासारखे आहे. पुण्यातल्या घरकामगार बायकांनी १९८० साली कामबंद केला आणि त्यातूनच मोलकरणींची संघटना उभी राहिली. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा व्हायला त्यानंतर २००८ साल उजाडावे लागले. विलायतेत किमान वेतनाचा कायदा एप्रिल १९९९ पासून लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांवरील कामगाराला तासाला १२ पौंड २१ पेन्स हा किमान दर ठरला होता. साफसफाई करणाऱ्यालाही तोच लागू. ते काम तिथेही सुखाचे नाही. पहाटे अंधारात उठून कचेऱ्या झाडणाऱ्यांत परदेशातून आलेले गोरगरीबच जास्त आहेत. पण झाडू कुणाच्या हाती यायचा हे तिथे जन्मावरून ठरत नाही, आणि हाती झाडू आहे म्हणून चहाचा कप वेगळा ठेवला जात नाही. आपल्या देशात हाताने मैला उचलायला बंदी करणारा नवा कायदा २०१३ मध्ये करावा लागला, तरी माणसे गटारात उतरून मरतच आहेत.

तेव्हा विलायतेला निघालेल्या मुलाच्या आईने एक काम करावे. जाण्याआधी तीन महिने त्याच्या हातात विळी, लाटणे आणि घासणी द्यावी. तिथे जेवण करून वाढणारी बहीण नसेल. चार-पाच पोरांत एक स्वयंपाकघर असते आणि ज्याने घाण केली त्यानेच पुसायचे असते. जे पोरगे इथे ताटावरून उठून हात धुवायला निघून जाते, त्याला तिथे पहिल्याच आठवड्यात चारचौघांत ऐकून घ्यावे लागते. आणि न जाणाऱ्या मुलालाही हे शिकवले तर काही बिघडत नाही. घरात समता नाही आणि चौकात समतेच्या घोषणा, हे किती दिवस चालायचे?

रांगेचा धर्म

विलायतेची सगळ्यांत प्रसिद्ध सवय म्हणजे रांग. बसच्या थांब्यावर दोनच माणसे असली तरी तिथे कुणाचा नंबर आधी हे दोघांनाही ठाऊक असते. दुकानात, टपाल कचेरीत, दवाखान्यात, सगळीकडे तसेच. मध्ये कुणी घुसला तर लोक फारसे ओरडत नाहीत. नुसते खाकरतात, डोळे वटारतात. तेवढे पुरते.

ही शिस्त पक्की झाली ती पोटाच्या चिमट्याने. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० पासून तिथे रेशनिंग सुरू झाले, ते जुलै १९५४ पर्यंत चालले. साखर, लोणी, मांस, अंडी, सगळे मापून. चहाची पत्तीसुद्धा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. चौदा वर्षे बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्या रांगांतही कुरबुरी होत, भांडणे होत. पण आधी येईल त्याला आधी, हा नियम लोकांच्या अंगवळणी पडला.

सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्या तेव्हा अंत्यदर्शनासाठी लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठाने मैलोन्‌मैल रांग लागली. सुमारे अडीच लाख लोक दर्शन घेऊन गेले. जगप्रसिद्ध फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम हाही त्या रांगेत बारा तासांवर उभा होता. रांग मोडून पुढे जाण्याची सवलत त्याने घेतली नाही. पण तिथल्या खासदारांना मात्र रांग न लावता पाहुण्यांसह आत जाता येत होते, आणि त्यावर लोकांनी टीकाही केली. म्हणजे वशिला तिथेही आहे. फरक एवढाच की वशिल्याने गेलेला माणूस तिथे टीकेचा धनी होतो. आपल्याकडे तो मिशीला पीळ देतो.

रांगेचे महत्त्व आपल्या समाजाइतके कुणाला कळणार? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी गोड होते म्हणून कुणी तिथे गेले नव्हते. पाणवठ्यावर सगळ्यांचा हक्क सारखा, एवढे सिद्ध करायचे होते. रांग म्हणजे दुसरे काय? रांगेत जात नसते, आडनाव नसते, बँकेचे पुस्तक नसते. पुढे एक माणूस, मागे एक माणूस.

आणि आज आपल्याच वस्तीतल्या नळावर काय चालते? पहाटे पाणी येते. हंडे-कळशा नंबराने लावलेल्या असतात. तेवढ्यात कुणाच्या तरी ‘भाऊं’चा माणूस येतो आणि पाइपच लावून टाकतो. म्हातारी आजी दोन कळश्यांसाठी तासभर ताटकळते. सार्वजनिक शौचालयासमोर सकाळी बायकांची जी कुचंबणा होते, ती तर सांगायलाच नको. पीएमपीएमएलची बस आली की धडधाकट तरुण कोपराने वाट काढून चढतात आणि पोटुशी बाई खाली राहते. ज्या पाण्यासाठी आपल्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्या, त्या पाण्यावर आपणच आपल्या दुबळ्या माणसाला मागे ढकलावे, याला काय म्हणावे? विलायतेची रांग शिकायला विमानाचे तिकीट लागत नाही.

बोलणे आणि वेळ

इंग्रज माणसाच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा ‘सॉरी’ आणि ‘थँक यू’ येते. तुमचा पाय त्याच्या पायावर पडला तरी ‘सॉरी’ तोच म्हणेल. कुणी ‘कसे आहात’ विचारले तर आपल्या पाठदुखीची हकीकत सांगायची नसते. ‘ठीक आहे, तुम्ही?’ एवढ्यावर भागते. एखादी गोष्ट ‘वाईट नाही’ असे तो म्हणाला तर ती त्याला आवडली असे समजावे. बोलायला विषय नसेल तर पावसापाण्याविषयी बोलावे. हे कोरडे वाटते, पण त्यात तुटकपणा नसतो.

एक सवय मात्र खरोखर छान आहे. लंडनबाहेरच्या बऱ्याच गावांत बसमधून उतरताना लोक चालकाला ‘थँक यू’ म्हणून उतरतात. शाळकरी पोरेही म्हणतात. आपण कधी आपल्या बसच्या चालकाला, कचरा न्यायला येणाऱ्या ताईला, दवाखान्यातल्या आयाला ‘आभारी आहे’ म्हणतो का? ही कष्टाची कामे करणारी माणसे बहुतेक आपल्यातलीच असतात. मग आपल्या माणसाला आपणच मान द्यायचा नाही तर कुणी द्यायचा?

वेळेचेही तसेच. डॉक्टरची वेळ दहा चाळीसची असेल तर दहा पस्तीसला पोचायचे. उशीर झाला तर वेळ दुसऱ्याला जाते. आगगाड्या तिथेही उशिरा धावतात आणि लोक चडफडतात, पण सभा ठरल्या वेळी सुरू होते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘सकाळी ठीक १० वाजता’ असे छापलेले असते आणि पाहुणे बारा वाजता येतात. हजेरीवरची माणसे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तोवर खुर्चीत बसून असतात. त्या मजुरीचा हिशेब कुणी ठेवतो का?

चहा, खाणे आणि पिणे

चहा हे त्यांचे आणि आपले एक समान दैवत. मात्र तिथे तो उकळत नाहीत. विजेच्या किटलीत पाणी तापवायचे, मगात पुडी बुडवायची आणि वरून थंड दूध. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्लंडच्या उत्तर भागात संध्याकाळच्या जेवणालाच बरेच लोक ‘टी’ म्हणतात. तिकडे कुणी ‘सहाला टीला या’ म्हटले तर घरून जेवून जाऊ नये.

दुपारी सँडविचवर भागवणारे हे लोक मसालेदार खाण्याचे मात्र शौकीन झाले आहेत. २००१ साली तिथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हे ब्रिटनचे खरेखुरे राष्ट्रीय खाणे आहे असे भाषणात सांगितले होते. पीठ, डाळ, तांदूळ, मिरची मोठ्या शहरांत सगळे मिळते. तेव्हा मुलाच्या पेटीत दहा किलो चटणी-पापड कोंबू नयेत. स्वेटरला जागा ठेवावी. डिसेंबरात तिथे दुपारी चारलाच अंधार पडतो आणि सूर्याचे तोंड दिसत नाही. नवख्या मुलांची मने तेव्हा खचतात. त्या महिन्यात घरून फोन जास्त करावेत.

आता दारू. पब हे तिथले चावडीवजा ठिकाण. काम सुटले की लोक तिथे जमतात आणि पाळीपाळीने एकमेकांसाठी पेले भरतात. त्यातून घरे बुडाली, माणसे मेली, हे तिथल्यांनीही भोगले आहे. पण गेल्या वीसएक वर्षांत तिथल्या तरुणांत अजिबात न पिणाऱ्यांचे प्रमाण वाढले आहे आणि कितीतरी पब बंद पडले आहेत. मित्रांबरोबर जाऊन संत्र्याचा रस घेतला तर कुणी हसत नाही. तेव्हा ‘तिकडे प्यावीच लागते’ असे कुणी सांगितले तर ती थाप समजावी. पबमधल्या सिगारेटच्या धुरालाही स्कॉटलंडने २००६ मध्ये आणि इंग्लंडने २००७ मध्ये कायद्याने बंदी घातली.

उतरण नव्हे, दाम मोजून

तिथल्या प्रत्येक बाजारपेठेत धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने असतात. ऑक्सफॅम या संस्थेने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान १९४० च्या दशकात थाटले, त्याचे लोण पुढे देशभर पसरले. लोक चांगले कपडे, पुस्तके, भांडी तिथे नेऊन देतात, दुसरे कुणी ती स्वस्तात विकत घेतात आणि पैसे संस्थेच्या कामाला जातात. विद्यार्थ्याला थंडीचा कोट घ्यायचा तर याहून चांगली जागा नाही.

आपल्या मनात इथे एक काटा रुततो. दुसऱ्याचे अंगावरचे उतरलेले कपडे घालायची सक्ती आपल्या पूर्वजांनी सोसली आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नीटनेटके, इतरांसारखे लुगडे नेसा, अंगावरची जुनी खूण टाकून द्या, असे सांगितले. तेव्हा ‘जुना कोट’ म्हटले की आईला वाईट वाटणे साहजिक आहे. पण ती उतरण वेगळी आणि हा व्यवहार वेगळा. उतरणीत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. इथे डॉक्टरही तीच खुंटी चाळतो आणि विद्यार्थीही. दाम मोजले की वस्तू आपली. कापड जुने असल्याने माणूस लहान होत नाही. ते उपकार म्हणून अंगावर टाकले, तरच होतो.

दुकानात स्वतःची पिशवी न्यावी लागते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. ही मात्र आपल्या आजीची सवय. तिच्या कापडी पिशवीला आपणच हसत होतो.

लग्न, म्हातारपण आणि एकटेपण

लग्नाच्या बाबतीत तिथे मोठा पालट झाला आहे. लोक उशिरा लग्न करतात, कितीतरी करतच नाहीत. २०२१ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे आईबाप लग्न न केलेले होते. त्या मुलांना कुणी हिणवत नाही. पटत नसेल तर वेगळे होतात, पण पोरांच्या मनाला त्याची झळ तिथेही बसतेच. फेब्रुवारी २०२३ पासून तिथे अठरा वर्षांखालील मुला-मुलीचे लग्न लावता येत नाही.

घ्यावे असे एक आहे. मोठा बडेजाव करून कर्जात बुडणारे तिथेही आहेत, पण निबंधकाच्या कचेरीत दोन साक्षीदार आणि मोजकी माणसे घेऊन लग्न करणाऱ्याला कुणी नावे ठेवत नाही. आपला विधी तर त्याहून साधा. अर्ध्या तासात मंगल परिणय पार पडतो. पण त्याच्या मागेपुढे हॉल, घोडा, डीजे, आहेर, जेवणावळी लागतात आणि बाप पाच वर्षे सावकाराचे हप्ते भरतो. विधी साधा ठेवला आणि खर्च जुनाच ठेवला, तर आपण सोडले काय?

म्हातारपणाचे चित्र मात्र मनाला चटका लावणारे आहे. २०२३ साली ब्रिटनमध्ये ८४ लाख माणसे घरात एकटी राहत होती. शंभरातली तीस घरे एकट्या माणसाची. सगळेच एकटे दुःखी असतात असे नाही, पण आठवडाभर कुणाशी बोलणे झाले नाही असे म्हातारे तिथे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्यावर खास जबाबदारी सोपवली. मुलांना मायाच नाही असे समजू नये. अठरा वर्षांचे झाले की घर सोडायचे ही तिथली चाल, आणि नोकरी मिळेल तिथे जावे लागते. अलीकडे घरभाडे इतके वाढले आहे की तिशीतली मुलेही आईबापांकडे परत येऊन राहू लागली आहेत.

आपल्या वस्तीत कुणी एकटे पडत नाही असे आपण छातीठोक सांगतो. पण झोपडी जाऊन पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर खोली मिळाली की काय होते? दार बंद होते. ओटा गेला, ओट्यावरच्या गप्पा गेल्या. लिफ्ट बंद पडली की आजी आठ-आठ दिवस खाली उतरत नाही. सून कामावर, नातू मोबाइलवर. विलायतेला जे व्हायला तीन पिढ्या लागल्या, ते आपल्याकडे एका पिढीत होऊ लागले आहे. त्यांच्याकडे निदान म्हाताऱ्याला सरकारी पेन्शन आहे आणि ५ जुलै १९४८ पासून फुकट सरकारी दवाखान्याची सोय आहे. त्या दवाखान्यांतही उपचारांची प्रतीक्षायादी २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली होती, पण बिलापायी घर गहाण पडत नाही. आपल्याकडे तशी पेन्शनही नाही आणि उद्या शेजारही नसेल, तर म्हाताऱ्यांनी कुठे जावे? इमारतीतल्या महिला मंडळांनी आठवड्यातून एकदा प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दारावर थाप मारावी, इतके तरी ठरवावे.

पाण्याखालचा खडक

विलायत श्रीमंत, पण भूक तिथेही आहे. घरभाडे आणि विजेचे बिल भरून हाती काही न उरलेली कुटुंबे ‘फूड बँके’तून शिधा नेतात. ट्रसेल या एकाच संस्थेच्या केंद्रांनी २०२३-२४ या वर्षात ३१ लाख शिध्याच्या पिशव्या दिल्या. त्या नेणाऱ्यांत काम करणारी माणसेही असतात.

आणि जात? ती सामानाबरोबर विमानात चढते. बिहारमधून घरकामासाठी नेलेल्या एका आदिवासी स्त्रीला इंग्लंडमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबाने साडेचार वर्षे रोज अठरा-अठरा तास राबवून घेतले, जमिनीवर झोपवले आणि मजुरी दिली ती तासाला काही पेन्स. तिने दाद मागितली. २०१५ साली लवादाने तिची थकलेली मजुरी म्हणून सुमारे १ लाख ८४ हजार पौंड देण्याचा आदेश दिला. त्याच प्रकरणात २०१४ साली वरच्या लवादाने, जातीवरून केलेला छळ वंशभेदाच्या कायद्यात बसू शकतो असे म्हटले होते. २०१३ मध्ये पार्लमेंटने समतेच्या कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याची तरतूद केली. ती अमलात आणण्यासाठी तिथल्या आंबेडकरी संघटना झगडल्या, पण २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम भागात पंजाबातून गेलेली आपली आंबेडकरी बौद्ध कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहत आहेत. अडचणीत आपले मूल त्यांच्याकडे जाऊ शकते, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे.

निघताना

निघणाऱ्यांसाठी थोडक्यात. पोचल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. जिवावरचा प्रसंग आला तर ९९९ फिरवावा. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच नोकरी करता येते. जास्त केली तर व्हिसा जाऊ शकतो, मग मालक कितीही गोड बोलो. जानेवारी २०२४ पासून साध्या एम.ए., एम.एस्सी.साठी जाणाऱ्याला नवरा, बायको, मुले सोबत नेता येत नाहीत. एजंट उलट सांगत असेल तर पैसे देऊ नयेत.

आणि गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हावे, ते फुकट असते. सार्वजनिक वाचनालयांचा कायदा तिथे १८५० साली झाला. २०१० नंतर पैसा नाही म्हणून शेकडो वाचनालये बंद पडली, तेव्हा लोकांनी मोर्चे काढले. पुस्तकासाठी मोर्चा काढणारा समाज लवकर मोडत नाही. बाबासाहेब १९१६ साली आणि पुन्हा १९२० साली लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते बसून राहत. लंडनची एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी त्यांनी १९२३ पर्यंत पदरात पाडली. १० किंग हेन्रीज रोड इथे ते १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन त्याचे स्मारक केले आहे. विलायत त्यांनीही पाहिली, पण ते तिथून पबची सवय घेऊन आले नाहीत. पेट्या भरभरून पुस्तके आणि माणसाच्या हक्काची जाण घेऊन आले.

तेव्हा जाणाऱ्यांनी जरूर जावे. राहिलेल्यांनी उद्या पहाटे नळावर नंबर मोडू नये, आणि कुणी मोडला तर चौघींनी मिळून त्याला मागे उभे करावे. रात्री जेवण झाले की घरातल्या पुरुषाने आपले ताट आपण धुवावे.